तबकडीवरचा कण

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर. पुढे त्याने संगणकाचे शिक्षण घेतले आणि आता हिंजवडीतील एका कंपनीत बऱ्या पगारावर आहे. चहा होईपर्यंत तो इकडचेतिकडचे बोलत होता. मग त्याने मनगटावरील घड्याळ उतरवून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, ‘‘सर, यात काही दिसते का, पाहा.’’ मला एक देखणे घड्याळ दिसले. गडद निळी तबकडी, पोलादी पट्टा, स्वित्झर्लंडमधील एका नामांकित कारखान्याचे नाव. किंमत विचारण्याचा मोह मला आवरला नाही. साडेतीन लाख रुपये, आणि त्यांपैकी बरीचशी रक्कम हप्त्यांनी फेडावयाची होती. त्याने फोनच्या कॅमेऱ्यातून तबकडी मोठी करून दाखविली, तेव्हा कोठे आठच्या खुणेला लागून, काचेच्या आत, धुळीचा एक पांढुरका कण बसलेला मला दिसला. एकदा दिसल्यावर मात्र तो नुसत्या डोळ्यांनाही दिसू लागला. इतका की, तबकडीवर दुसरे काही आहे याचा विसर पडावा.

दुकानदाराने त्याला सांगितले होते की, एवढे चालते. हे कंपनीच्या मर्यादेत बसते. घरच्यांनी त्याला वेड्यात काढले होते. मीही प्रथम तेच केले. घड्याळ वेळ बरोबर दाखवते ना, मग कणाचे काय घेऊन बसलास, असे काहीसे मी बोललो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, वेळ तर दोनशे रुपयांच्या घड्याळातही बरोबर दिसते. ती फोनमध्ये त्याहून बरोबर दिसते. मी साडेतीन लाख वेळेसाठी दिलेले नाहीत.’’

अर्थशास्त्र शिकविण्यात वीस वर्षे घालविलेल्या माणसाला याचे उत्तर तत्काळ सुचावयास हवे होते. ते सुचले नाही, म्हणून हा लेख.

विद्यार्थ्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनच होते. यांत्रिक घड्याळांच्या अचूकपणाची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी स्वित्झर्लंडमधील अधिकृत संस्था दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढा फरक मान्य करते. म्हणजे उत्तम म्हणून शिक्का मिळालेले घड्याळसुद्धा महिन्याकाठी दोन-तीन मिनिटे चुकू शकते. उलट, स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. त्याची किंमत तेव्हा ४,५०,००० येन, म्हणजे जवळजवळ एका लहान मोटारीएवढी होती. पण काही वर्षांतच हे तंत्र इतके स्वस्त झाले की, अचूकपणा ही विकत घेण्याजोगी दुर्मिळ वस्तूच उरली नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती; पुढील पंधरा-वीस वर्षांत त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरली. त्या धंद्याचा पुनरुद्धार झाला तो दोन टोकांनी. १९८३ मध्ये निघालेले ‘स्वॉच’ हे प्लॅस्टिकचे स्वस्त घड्याळ हे एक टोक. दुसरे टोक, आपण जे बनवितो ते वेळ सांगण्याचे साधन नसून कारागिरीची वस्तू आहे, असे जगाला पटवून देण्याचे.

हे पटवून देण्यास आधार नव्हता असे नव्हे. जिनिव्हा परगण्याने १८८६ मध्येच कायदा करून तेथील घड्याळांसाठी एक मुद्रा ठरविली. ती मिळवावयाची तर आतल्या पोलादी भागांच्या कडा तासून, घासून चकचकीत केलेल्या असाव्या लागतात. आणि हे भाग मागच्या झाकणाखाली पन्नास-पन्नास वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. या कामातील जाणकार एक कसोटी सांगतात. पट्टीचा कोपरा बाहेरच्या बाजूस वळत असेल तर यंत्राचे फिरते हत्यार त्याची कड तासू शकते. पण तो आतल्या बाजूस वळून टोकदार होत असेल तर हत्याराच्या गोलाईमुळे तेथे गोलवा राहतो. ते टोक साधावयाचे तर माणसाचा हातच लागतो. आपल्याकडे पैठणी घेणारी अनुभवी बाई पदर उलटा करून मागची बाजू पाहते, त्यातलाच हा प्रकार. न दिसणाऱ्या जागी केलेले काम हीच दिसणाऱ्या कामाची हमी.

येथे थॉर्स्टीन व्हेब्लेनची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ हे त्याचे पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रदर्शनी उपभोगाची त्याने मांडलेली कल्पना विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. पण त्याच पुस्तकातील चमच्याचे विवेचन क्वचितच कोणी वाचते. हाताने घडविलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने काढलेला साध्या धातूचा चमचा यांची तो तुलना करतो. आमटी दोहोंनी सारखीच खाता येते, किंबहुना यंत्राचा चमचा अधिक रेखीव असतो. तरीही मान हातच्या चमच्याला, आणि तो मान त्यातील बारीकसारीक उणिवांमुळे! यंत्राची वस्तू निर्दोष असते आणि निर्दोष वस्तू आता सर्वांनाच परवडते. म्हणून निर्दोषपणा सामान्य ठरला आणि हाताचा किंचित डळमळीतपणा प्रतिष्ठेचा झाला, असा त्याचा उपरोधिक युक्तिवाद. हातकागद, हातमागाची साडी, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली मातीची भांडी यांच्या दुकानांत आज फेरफटका मारला तर व्हेब्लेन शिळा झाला आहे असे कोणी म्हणणार नाही.

मग व्हेब्लेनच्या न्यायाने आमच्या विद्यार्थ्याने त्या कणाचा अभिमान बाळगावयास हवा होता काय? तसे नाही. उणीव आणि उणीव यांत फरक आहे. कोपऱ्यातील टोक भिंगाखाली किंचित कमीजास्त दिसले तर ती हाताची खूण होय. धुळीचा कण ही हाताची खूण नव्हे; ती हात थांबल्याची खूण आहे. घड्याळ बंद करण्यापूर्वी शेवटची नजर ज्याने टाकावयाची, त्याने ती टाकली नाही, एवढेच तो कण सांगतो. पहिली उणीव श्रम दाखविते, दुसरी श्रम वाचविल्याचे दाखविते. आणि पैसे तर श्रमांचे म्हणून घेतलेले असतात.

यापुढची गंमत जुन्या घड्याळांच्या बाजारात आहे. १९६० च्या दशकातील काही काळ्या तबकड्यांचा लेप उन्हाने आणि काळाने उडून त्या चॉकलेटी झाल्या. सरळ सांगावयाचे तर तो लेपातील दोष. कंपनीकडे त्या वेळी तक्रार गेली असती तर तिने निमूटपणे तबकडी बदलून दिली असती, आणि कित्येकांना तशी ती दिलीही. आज अशा तबकडीला संग्राहक ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि सुस्थितीतील काळ्या तबकडीपेक्षा तिला कितीतरी अधिक पैसे मोजतात. रोलेक्सच्या ‘डेटोना’ या घड्याळाच्या १९९० च्या दशकातील काही नगांत लहान वर्तुळांच्या चंदेरी कडा वार्निशाच्या दोषाने तपकिरी पडल्या. ओस्वाल्दो पात्रित्सी या लिलावदाराने ही गोष्ट हेरली. आता त्या तबकडीला त्याचेच नाव मिळाले आहे आणि किंमतही त्याच प्रमाणात. तिकिटांचा नाद असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटांतील ज्या मोजक्या प्रतींवर राणीचे डोके उलटे छापले गेले, त्यांच्याकरिता श्रीमंत संग्राहकांत चढाओढ लागते.

याला वेडगळपणा म्हणून हसण्यापूर्वी त्यामागील हिशेब पाहिला पाहिजे. तपकिरी पडलेली तबकडी पुन्हा बनविता येत नाही, यातच तिचे मोल आहे. तीस-चाळीस वर्षांचे ऊन कोणत्याही कारखान्याला विकत घेता येत नाही. म्हणूनच अलीकडे काही कंपन्या नव्याकोऱ्या घड्याळाच्या आकड्यांवर जुनाट पिवळसर रंग लावून देतात, तेव्हा दर्दी लोक नाक मुरडतात. दोष सर्वांना पुरविता येऊ लागला की तो दोषही उरत नाही आणि गुणही. ती केवळ रंगाची निवड होते. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ज्यांना स्थानदर्शक वस्तू म्हटले, त्यांतील ही सर्वांत अजब जात असावी. येथे दुसऱ्याजवळ नसलेला डागच आपले स्थान दाखवितो!

आपल्या मुंबईचा या बाजाराशी एक वेगळाच, काहीसा विनोदी संबंध आहे. फाव्र-ल्युबा या स्विस कंपनीची पावले मुंबईत १८६५ पासूनची. वेस्ट एंड हेही येथे जुन्या पिढीला परिचयाचे नाव. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला एच. एम. टी.चा कारखाना निघाला आणि ते नाव घरोघर पोहोचले. ही हजारो जुनी घड्याळे आमच्या घड्याळजींनी दुरुस्त केली. आणि दुरुस्तीची आपली कल्पना अशी की, वस्तू नव्यासारखी दिसली पाहिजे. त्यांनी तबकड्या खरवडून नव्याने रंगविल्या, हवे ते रंग दिले, नावे पुन्हा छापली. परदेशातील संग्राहकांनी स्वस्त मिळतात म्हणून ती घेतली आणि त्यांना लक्षात आले की, रंग ताजे आहेत, अक्षरे किंचित वाकडी आहेत. आता त्यांच्यात मुंबईहून आलेले रंगीत घड्याळ म्हणजे फसवणूक, असाच समज आहे. फसवणूक करणारे होतेच, नव्हते असे नाही. परंतु कित्येक घड्याळजींच्या मनात फसवणुकीचा विचारही नसेल. गिऱ्हाइकाला डाग नको असतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले. डागासाठी अधिक पैसे देणारे गिऱ्हाईक जगात असू शकते, हे त्यांना कोण सांगणार?

हे मी थोड्या अधिकाराने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९७६ मध्ये त्यांच्या लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, त्यांना एच. एम. टी.चे ‘जनता’ घड्याळ दिले. रोज सकाळी चावी द्यावयाची, सतरा ज्वेलचे, पांढऱ्या तबकडीचे. एका पावसाळ्यात सायकलवरून शाळेत जाताना त्यात पाणी शिरले आणि सात व आठ या आकड्यांमध्ये चहाच्या डागासारखा एक डाग पडला. तो कधी गेला नाही. वडील गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले. बंद पडले होते, म्हणून मी ते दुरुस्तीस दिले आणि घड्याळजीने विचारले तेव्हा, ‘तबकडीही नवी करून टाका,’ असे सांगितले. त्याने काम चोख केले. घड्याळ मी हौसेने आईच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, ‘‘अरे, हे कोणाचे आणलेस?’’

असो. बाजारात त्या घड्याळाला तेव्हाही फारशी किंमत नव्हती आणि आजही नाही. परंतु तो डाग पुसण्यासाठी मी जे काही मोजले, ते देऊन मी नेमके काय गमावले, याचा हिशेब माझ्या विषयातील कोणत्याही आलेखावर मला मांडता आलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. ज्या काळात वडिलांच्या मनगटावर हे घड्याळ आले, त्या काळात नव्या घड्याळात कण आहे काय, हे कोणी पाहत नव्हते. मिळाले, हेच भाग्य. मागणी अफाट आणि पुरवठा तुटपुंजा. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि परदेशी घड्याळे चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरत. रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक खोट काढीत नाही. रांग नाहीशी झाली आणि ग्राहक राजा झाला, असे आपण १९९१ नंतर शिकविले. तथापि २०२१-२२ च्या सुमारास महागड्या स्विस घड्याळांच्या बाजारात पुन्हा रांगा लागल्या. काही घड्याळे दुकानातील छापील किमतीपेक्षा वापरलेल्या बाजारात महाग विकली जाऊ लागली. ज्याला दुकानातून घड्याळ मिळाले त्याने तबकडीवर कण आहे म्हणून कुरकुर करावयाची म्हणजे पुढच्या खेपेस आपले नाव यादीतून गळण्याची भीती! बंगलोरचा सरकारी कारखाना पुरेसा माल काढू शकत नव्हता म्हणून माझे वडील गप्प बसले असते. जगातील सर्वांत श्रीमंत गिऱ्हाईक गप्प बसते ते माल बेतानेच सोडला जातो म्हणून. परिणाम मात्र एकच. टंचाई कोणत्याही कारणाने असो, ती विक्रेत्याला तपासणीतून सूट देते. एच. एम. टी.च्या घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, आणि त्यानंतर तीच घड्याळे शोधत लोक फिरू लागले, हाही त्यातलाच एक भाग.

आता पुन्हा त्या कणाकडे. त्याने काही बिघडते काय? यंत्राच्या दृष्टीने, तो जागचा हलला नाही तर, काही नाही. पण ग्राहकापाशी दुसरे काय असते? घड्याळाचे झाकण त्याला उघडता येत नाही. उघडले तर हमी जाते आणि उघडून कळावयाचेही काही नाही. जॉर्ज अकर्लॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या, आणि पुढे २००१ चे नोबेल मिळण्यास कारण झालेल्या, निबंधात हाच पेच मांडला आहे : विकणाऱ्याला माल ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा मग जे दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज करतो. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरातील बायका याच न्यायाने करतात. तबकडीवर धूळ असेल तर तेलपाण्याच्या जागी काय असेल, ही शंका म्हणूनच वेडगळ नव्हे.

शिवाय, त्याला असे पाहावयास शिकविले कोणी? कंपनीच्या जाहिरातीत हेच घड्याळ हातभर मोठे करून छापलेले असते. काटे नेहमीप्रमाणे दहा वाजून दहा मिनिटांवर. तबकडी अशी की, तिच्यावर धूळ बसण्याचे धाडस करणार नाही. निर्दोषपणा हाच माल म्हणून विकावयाचा, तो भिंगाखाली धरून दाखवावयाचा, आणि गिऱ्हाइकाने तेच भिंग उचलले की ‘मर्यादेत बसते’ म्हणावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे. मर्यादा प्रत्येक उत्पादनाला असतेच. तिच्यावाचून कारखाना चालणार नाही. मात्र ती मर्यादा पैसे देण्यापूर्वी सांगितलेली असावी. ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. वस्तूच्या दर्जातील उणीव केवळ कायद्याने ठरविलेल्या प्रमाणाशी ताडून पाहावयाची नाही. करारात, अगदी गर्भित करारातही, जे कबूल केले आणि व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्याच्याशीही ती ताडावयाची आहे. म्हणजे दोनशे रुपयांच्या घड्याळातील कण हा दोष नसेल आणि साडेतीन लाखांच्या घड्याळातील तोच कण दोष असेल. कण तोच, त्याभोवती दिलेला शब्द वेगळा.

साडेतीन लाखांचे घड्याळ हप्त्याने घ्यावे काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावर माझे मत काय असणार हे वाचकांनी ओळखले असेलच. ते मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. परंतु एखाद्याने आपल्या ऐपतीबाहेरची वस्तू घेतली म्हणून ती सदोष देण्याचा अधिकार दुकानदाराला मिळत नाही. आपण मध्यमवर्गीय माणसे येथे हमखास घोटाळा करतो. चैनीच्या वस्तूविषयी तक्रार करणाऱ्याला आपण आधी चैनीबद्दल दोषी ठरवितो आणि मग त्याची तक्रार ऐकावयास बसतच नाही. त्या दिवशी चहा पिताना मीही हेच केले होते.

मी त्याला दोन गोष्टी करावयास सांगितल्या. तोंडी बोलणे बंद करून लेखी पत्र द्यावे, आणि ‘मर्यादेत बसते’ असे दुकानदाराचे म्हणणे असेल तर ती मर्यादा कोणती व कोठे छापली आहे, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. दुसरे म्हणजे, घड्याळ परत करताना पावतीवर कणाचा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावा. पत्राला तीन आठवडे उत्तर आले नाही. मर्यादेचा कागद अद्याप मिळालेला नाही. घड्याळ मात्र तपासणीसाठी कंपनीकडे पाठविण्यास दुकानदार तयार झाला आणि पावतीची प्रत विद्यार्थ्याने मला फोनवर पाठविली. तीत लिहिले आहे : ‘ग्राहकाच्या सांगण्याप्रमाणे तबकडीवर कण.’ मी त्याला कळविले आहे की, ‘ग्राहकाच्या सांगण्याप्रमाणे’ हे शब्द काढून घे.